नकारावर सही कोणाची?

रेशनच्या दुकानात पॉस मशीन अंगठा घेईना, की आधी हात धुवून यायला सांगतात. मग केसांवरून बोट फिरवून बघा म्हणतात. मग दुसरा हात, मग मधले बोट. वीटभट्टीवर, उसाच्या फडात नाहीतर चार घरची भांडी घासण्यात उमेद गेलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरतात तरी किती? शेवटी दुकानदार म्हणतो, "मावशी, मशीन घेत नाही. उद्या या." तो खोटे बोलत नसतो. मशीन खरेच घेत नसते. पण या बाईला आज धान्य कोणी नाकारले, हे सरकारदरबारी कुठल्या अधिकाऱ्याच्या नावावर चढत नाही. डिजिटल कारभाराचा खरा धोका या बिननावाच्या नकारात आहे आणि तो झपाट्याने वाढतो आहे.

जुन्या कारभाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे खेटे घालणारा, चहापाण्याचे वेगळे मोजणारा शेतकरी आज डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या काढतो. हे झाले नसते तर बरे होते असे म्हणणारा बहुधा त्या तलाठ्याचा नातेवाईक असावा. मात्र त्या तलाठ्याला नाव होते, सही होती, शिक्का होता. त्याच्याविरुद्ध तहसीलदाराकडे जाता येई, लाचलुचपतवाल्यांचा सापळा लावता येई. डाऊन झालेल्या सर्व्हरला सापळा कसा लावणार?

कायदा या बाबतीत लंगडा नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे ज्याला त्याची झळ बसली त्याला सांगणे, हे माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सरकारी यंत्रणेवर टाकलेले कर्तव्य आहे. महाराष्ट्राचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा तर अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्या म्हणतो, अपिलाची वाट दाखवतो, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडही सांगतो. पण हे सारे सुरू होते अर्ज दाखल झाल्यावर. ओटीपी आला नाही, आधारवरचे नाव एका वेलांटीने जुळले नाही, फोटो ठरलेल्या केबीत बसला नाही, की अर्ज दाखलच होत नाही. अर्ज नाही म्हणून नकार नाही, नकार नाही म्हणून कारण नाही, आणि कारणच नसेल तर अपील कशावर करायचे? मुदतीत निकाली काढलेल्या अर्जांची टक्केवारी मंत्री अभिमानाने सांगतात. त्या टक्केवारीत उंबऱ्यावरूनच परतलेले लोक मोजलेले नसतात.

लाडकी बहीण योजनेत हे उघड्यावर आले. 2024 मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर नारीशक्ती दूत ॲपवरून अर्ज धडाधड भरले गेले, महिन्याला 1,500 रुपये सुरू झाले. वर्षभराने पडताळणीत कळले, की चौदा हजारांहून अधिक पुरुषही 'बहिणी' होऊन बसले आहेत. मग 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली, आणि तिने बाईच्या आधारसोबत पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले. ज्यांचे पतीही नाहीत आणि वडीलही नाहीत, त्यांनी काय करायचे? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची पळवाट निघाली. महाराष्ट्रात विधवा असतात, एवढे ही पद्धत आखणाऱ्याला आधी सुचू नये? पुरुषांना आत घेणारी आणि निराधार बाईला दारात अडवणारी ही व्यवस्था कोणी आखली, कोणी तपासली, कोणाच्या सहीने सुरू झाली, यावर विधिमंडळ दणाणून जायला हवे होते.

तंत्रज्ञान चुकते, हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. मार्च 2018 मध्ये आधार प्राधिकरणाच्या तत्कालीन प्रमुखांनीच सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले होते, की सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचे प्रमाण 88 टक्के आहे. दहावीला 88 टक्के पडले तर पेढे वाटावेत. रेशनच्या रांगेत मात्र उरलेले 12 टक्के म्हणजे कोणाच्या तरी घरची चूल.

आणि नजर रोखायची ती कोणावर? रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. रेंज नसलेल्या डोंगरात हजेरी बुडाली ती मजुराची. फोटोचाच फोटो काढून चढवणारे बहाद्दर मात्र सुटले. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला तसे परिपत्रकात लिहावे लागले. दुसरीकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे) ला कात्री लावली. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे त्यातले मोलाचे वाक्य गेले. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द अधिकाऱ्याला पुरतात. व्यापक जनहिताचे कलम शिल्लक आहे, पण ते वापरायचे की नाही हेही आधी तोच ठरवणार. खड्डे खोदणाऱ्या बाईचा चेहरा संकेतस्थळावर आणि बिलावर सही करणाऱ्याचे नाव खासगी, असा हा न्याय. 2005 च्या केंद्रीय कायद्याआधी, 2002 मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने यावर गप्प बसणे शोभत नाही.

राज्य सरकारने लोकसेवा हक्क कायद्यात दुरुस्ती करावी. पडद्यावर अडलेला प्रत्येक प्रयत्न हा अर्जच मानावा, त्याची पावती निघावी, पावतीवर कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे. त्याला फार पैसा लागत नाही. जे यंत्र अंगठा नाकारू शकते, ते पावतीही छापू शकते.

तोवर रेशनपुरता एक आधार आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये, झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात रेशनकार्ड रद्द झालेल्या घरातल्या 11 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने देशभर खळबळ उडाली असताना, केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना लेखी बजावले: ओळख पटली नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसऱ्या ओळखपत्रावर द्या आणि अशा प्रत्येक प्रसंगाची वेगळी नोंदवही ठेवा. वाचकहो, तुमच्या किंवा शेजारणीच्या अंगठ्याला मशीन नाही म्हणाले, तर ती वही मागा. दुकानदार वही नाही म्हणाला, तर 1967 वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय तो ठेवू नका.