कान्नावारोचा सोनेरी चेंडू

फाबिओ कान्नावारोचं नाव निघालं की फुटबॉलच्या गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं, २००६ चा 'बॅलन डी'ओर' त्याला उगाचच दिला. म्हणणाऱ्याचा लाडका बहुधा झिदान असतो, नाहीतर ऑन्री, नाहीतर त्या वर्षी बार्सिलोनाबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकलेला रोनाल्डिन्यो. युक्तिवाद ठरलेला आहे: बचावपटू खेळ घडवत नाही, दुसऱ्याचा बिघडवतो, मग त्याला वर्षातला सर्वोत्तम कसं म्हणायचं? इतकी वर्षं हे बिनदिक्कत चाललं आहे. जरा हलवून बघितलं तर याचे सगळे सांधे खिळखिळे निघतात.

पहिला आक्षेप असा की इटलीची बचावफळी मुळातच अभेद्य होती, कान्नावारो तिच्यातला एक. पण ती फळी २००६ च्या विश्वचषकात जागेवर राहिलीच कुठे? तिसऱ्याच सामन्यात, चेक प्रजासत्ताकाविरुद्ध, नेस्ता जायबंदी झाला आणि पुन्हा मैदानात उतरलाच नाही. त्याच्या जागी मातेराझ्झी आला. पुढच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच त्याला लाल कार्ड मिळालं, आणि उरलेला सामना इटली दहाजणांनिशी खेळली. युक्रेनविरुद्ध मग बार्झाली उभा राहिला आणि उपांत्य फेरीला मातेराझ्झी परत आला. शेजारचा माणूस असा सारखा बदलत होता. कान्नावारो मात्र सातही सामने, जादा वेळ धरून ६९० मिनिटं, एकही मिनिट बाहेर न बसता खेळला. इटलीने गोल खाल्ले दोन. एक झाकार्दोचा, अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. दुसरा अंतिम सामन्यात झिदानने पेनल्टीवर केलेला. चालू खेळात एकाही प्रतिस्पर्ध्याला या संघावर गोल करता आला नाही. फळी भक्कम होती हे खरंच, पण तिच्यातला न बदलणारा भाग कोणता, हेही मग मान्य करायला हवं.

त्या ६९० मिनिटांत त्याला एकही कार्ड दाखवलं गेलं नाही. मधल्या बचावपटूला पिवळं कार्ड बहुतेक वेळा उशीर झाल्यामुळे मिळतं. पाऊल चुकतं, समोरचा निसटतो, मग शर्ट ओढायचा नाहीतर पाय घालायचा. कान्नावारोवर ती वेळ आली नाही. त्याची उंची जेमतेम पावणेसहा फूट. युरोपातल्या धिप्पाड आघाडीवीरांसमोर ही उंची म्हणजे हवेतल्या चेंडूंसाठी आमंत्रणच. तो एखादं पाऊल मागे राहून धाव घ्यायचा आणि समोरच्याआधी उडी मारायचा. दुसरा उडायला निघेपर्यंत हा त्याच्या खांद्याच्या वर पोचलेला असायचा. याला कसब म्हणायचं नाही, तर मग आघाडीवीराच्या ड्रिबलिंगला तरी का म्हणायचं?

बचावपटू खेळ घडवत नाही, या आक्षेपाला तर ४ जुलैची डॉर्टमुंडची उपांत्य लढत पुरे आहे. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते. ११९ व्या मिनिटाला ग्रोस्सोने गोल केलेला आणि यजमान जर्मनी बरोबरीसाठी जिवावर उदार झालेली. इटलीच्या गोलकडे उंच चेंडू आला, तो कान्नावारोने डोक्याने बाहेर काढला. इथे शंभरातले नव्याण्णव बचावपटू थांबतात, श्वास घेतात, जागा धरतात. हा पाय टेकताच पुन्हा पुढे धावला आणि खाली येणारा तोच चेंडू पोडोल्स्कीच्या आधी गाठून मोकळा झाला. तिथून टोट्टी, टोट्टीकडून जिलार्दिनो, त्याच्याकडून देल पिएरो, आणि चेंडू जाळ्यात. लोकांना आठवतो तो देल पिएरोचा अलगद फटका. पण तो हल्ला सुरू कुठून झाला, ते बघायला चित्रफीत थोडी मागे न्यावी लागते. तेवढे कष्ट कोण घेतो!

झिदानचं म्हणाल, तर विश्वचषकातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'गोल्डन बॉल' त्याला मिळालाच होता, कान्नावारो दुसरा आला होता. पण त्याच स्पर्धेत दोन पिवळ्या कार्डांपायी झिदान गटातला तिसरा सामना खेळू शकला नाही आणि अंतिम सामन्यात मातेराझ्झीच्या छातीवर डोकं आपटून बाहेर गेला. वर्षाचा हिशेब मांडताना तेही जमेस धरायचं की नाही?

'एका महिन्याचा हिरो' ही आणखी एक शेलकी शेरेबाजी. नापोलीचा हा पोरगा १९९३ मध्ये पहिल्या संघात आला, क्लबची आर्थिक स्थिती ढासळल्यावर १९९५ मध्ये पार्माकडे विकला गेला. तिथे थुराम आणि बफोनबरोबर १९९९ मध्ये मॉस्कोत मार्सेला ३-० हरवून युएफा कप जिंकला. मग इंटर मिलानची दुखापतींनी खाल्लेली दोन वर्षं. इंटरला तो इतका निरुपयोगी वाटला, की २००४ मध्ये त्यांनी कारिनी नावाच्या गोलरक्षकाच्या बदल्यात त्याला युव्हेंटसला देऊन टाकलं. (फुटबॉलच्या बाजारात याहून मूर्ख सौदे झाले असतील; मला पटकन आठवत नाहीत.) आणि विश्वचषकाचा बर्लिनमधला अंतिम सामना हा त्याचा इटलीसाठीचा शंभरावा होता.

उतरती कळा मी नाकारत नाही. रेआल माद्रिदमध्ये त्याने दोनदा लीग जिंकली, पण २००६ चा कान्नावारो तिथे क्वचितच दिसला. २०१० च्या विश्वचषकात तर त्याच्याच नेतृत्वाखाली इटली गटात तळाला राहिली आणि न्यूझीलंडच्या गोलच्या वेळी तो स्वतः चुकला. तेव्हा तो छत्तिशीत होता. पुरस्कार मात्र २००६ चा होता, आणि चार वर्षांनंतरच्या चुकीची वसुली मागच्या तारखेने करता येत नाही.

खरी तक्रार करण्याचा हक्क एकालाच होता: इटलीचा गोलरक्षक बफोनला. मतमोजणीत कान्नावारोला १७३ गुण, बफोनला १२४, ऑन्रीला १२१. बर्लिनमध्ये झिदानचा हेडर बफोनने वर ढकलला नसता, तर करंडक कदाचित पॅरिसला गेला असता. त्याच्या बाजूने कुणी भांडायला आला, तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकेन. पण तो वाद गोल अडवणाऱ्या दोघांमधला आहे. ऑन्री-झिदानच्या वकिलांना त्यात उभं राहायला जागा नाही.