साडेतीनशेची रेघ आणि वर्धा रोड

22 सप्टेंबर 2025 पासून आपल्या देशात मोटारसायकलींचे सरळ दोन गट पडले. 350 सीसीपर्यंतच्या गाडीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. त्याच्या वरच्या गाडीवर पूर्वी उपकरासह 31 टक्के लागत होते, तिथे 40 टक्के झाले. त्यामुळे नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या घरात मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षे झाली आहेत आणि कॉलेजात वापरलेली दीडशे सीसीची गाडी बाजूला ठेवून मनातली मोठी स्पोर्ट बाइक घ्यायची आहे, तिथे हिशेबाचा कागद नव्याने मांडावा लागतो. 312 सीसीची अपाचे आरआर 310 रेघेच्या अलीकडे. 373 सीसीची केटीएम आरसी 390, 457 सीसीची एप्रिलिया आणि 649 सीसीची निंजा पलीकडे.

हा कागद मांडताना बोलणे होते ते अश्वशक्तीचे, टॉप स्पीडचे आणि शेवटी ॲव्हरेजचे. आमचे म्हणणे वेगळे आहे. या देशात मधल्या वजनाच्या वेगवान मोटारसायकलींचा सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर इंजिन वाईट निघाले म्हणून गाडी वाया गेली असे क्वचितच घडले. गाडी उत्तम असायची आणि तिच्या पाठीशी कोणी नसायचे. सुटे भाग नाहीत, मिस्त्री नाही, तिला शोभेल असा ब्रेक नाही, चालवणाऱ्याला शिक्षण नाही. नवी गाडी निवडताना खरी पारख करायची ती या पाठबळाची.

साडेतीनशे हा आकडा अर्थखात्याने हवेतून आणलेला नाही. आईल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत 1911 पासून ज्युनियर आणि सीनियर असे दोन गट झाले आणि पुढे ज्युनियर म्हणजे 350 सीसी हे पक्के बसले. 1949 मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाले, त्यातही 350 चा वर्ग होता. तो 1982 पर्यंत टिकला. ब्रिटनमध्ये कामावर जाणाऱ्या माणसाला परवडणारी, पण रविवारी लांब पल्ला मारू शकणारी गाडी याच मापाची असायची. तीच आपल्याकडे आली. लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट 350 पसंत पडली आणि 1955 मध्ये मद्रास मोटर्स व इंग्लंडमधल्या रेडिचची मूळ रॉयल एन्फिल्ड कंपनी यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया उभी केली. पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. बुलेट वेगवान नव्हती, तिचे तेल गळायचे, किक मारताना पाय दुखायचा. तरीही ती तगली, कारण कोणत्याही तालुक्याच्या गावी ती उघडून पुन्हा जोडणारा मिस्त्री भेटायचा. विदर्भातला शेतकरी, फौजदार आणि कंत्राटदार यांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले ते या भरवशावर.

म्हैसूरच्या आयडियल जावाचे नशीब तसे नव्हते. 1961 च्या सुमारास तिथे जावा बनू लागली, 1973 नंतर ती येझदी झाली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. ज्यांच्याकडे येझदी होती त्यांनी त्यानंतर वर्षानुवर्षे जुन्या बाजारात भाग शोधले. पण पाठबळाचा धडा सर्वांत कठोरपणे शिकवला तो राजदूत 350 ने, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी 350 राजदूत या नावाने भारतात आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुरुवातीच्या आवृत्तीत सुमारे 30 अश्वशक्ती. त्या काळात बुलेट आणि येझदी 16 ते 18 अश्वशक्तीच्या आसपास होत्या. म्हणजे एका रात्रीत दीडपटीहून अधिक ताकद सामान्य ग्राहकाच्या हाती आली. टू-स्ट्रोकची ताकद चढतेही वेगळ्या तऱ्हेने: खालच्या आरपीएमला गाडी शांत असते आणि एका टप्प्यावर अचानक उसळते. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातून पुढचे चाक उचलले जायचे. आणि या ताकदीला आवरायचे कशाने? परदेशातल्या आरडी 350 ला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे खर्च वाचवण्यासाठी ड्रम दिला. आमच्या मते भारतीय मोटारसायकलीच्या इतिहासातली ही सर्वांत महागडी काटकसर ठरली. गाडी जोरात पळायची, त्या मानाने थांबायची नाही, आणि तिच्या नावाभोवती अपघातांच्या गोष्टी जमल्या. त्यात पेट्रोल लीटरला वीस-पंचवीस किलोमीटर आणि भाग महाग. नंतर एस्कॉर्ट्सने इंजिनची ताकद कमी केली, पण ग्राहक वळला नाही. दशक संपता संपता ती बंद झाली. ज्यांनी ती विकून टाकली त्यांची मुले आज तीच गाडी लाखांत शोधतात. यंत्र थोर होते यात शंका नाही. त्याच्याभोवती काहीच उभे केले गेले नव्हते.

त्याच सुमारास, 1985 मध्ये, हिरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 आली आणि पुढची पंधरा वर्षे शंभर सीसीची झाली. देशाची गरज ती होती. या काळात मधल्या वर्गाबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही.

परत वळण आले ते पुण्याहून, आणि त्याचे एक मूळ आपल्या वर्धा रोडवर आहे. धंतोलीच्या कडेने जाणारा हा रस्ता ज्या वर्ध्याला पोहोचतो, तिथल्या शेठ बच्छराज यांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेतले होते. 1945 मध्ये सुरू झालेल्या ज्या व्यवसायातून पुढे बजाज ऑटो घडली, त्याचे नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन होते. स्कूटरसाठी लोकांना वर्षानुवर्षे थांबायला लावणाऱ्या परवाना राज्यात वाढलेल्या या कंपनीने 2001 मध्ये पल्सर आणली. 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागभांडवल घेतले, 2009 मध्ये कावासाकीची निंजा 250 आर आपल्या दुकानांतून विकली आणि 2013 मध्ये चाकणला बनलेली ड्यूक 390 रस्त्यावर आणली. यातली निंजा 250 आर ही आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. सुमारे पावणेतीन लाखांना दीडशे-दोनशेच्या वर चढण्याची एक पायरी तिने दिली. त्याआधी पल्सरनंतर एकदम परदेशी हजार सीसीचे स्वप्न, मधे काही नाही, अशी स्थिती होती.

याच वर्षांत महाराष्ट्राने दुसरी बाजूही पाहिली. कोरियाच्या ह्योसंगच्या गाड्या आपल्याकडे प्रथम कायनेटिकने आणल्या, त्यानंतर गरवारे मोटर्सने, मग डीएसके मोटोव्हील्सने, आणि शेवटी पुन्हा कायनेटिक समूहाच्या मोटोरॉयलने. एकाच परदेशी कंपनीला एकाच राज्यात इतक्या हातांतून जावे लागले. त्यातली जीटी 650 आर ही 647 सीसीची व्ही-ट्विन स्पोर्ट बाइक देखणी होती आणि त्या किमतीत दुसरी तशी मिळत नव्हती. डीएसकेकडे इटलीची बेनेली ही नाममुद्राही होती. 2018 पर्यंत डीएसके समूह आर्थिक संकटात कोसळला. बेनेलीला हैदराबादचा नवा भागीदार मिळाला, ह्योसंगची मात्र ओढाताण झाली. हप्ते फेडत असलेल्या मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, ते विचारात घ्या. आरटीओची नोंदणी 15 वर्षांची असते. कर्ज तीन ते पाच वर्षांचे. आणि गाडी आणणारी कंपनी तेवढीही टिकत नाही.

आता याच्याशी केटीएमची तुलना करून पाहा. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रियातली मूळ कंपनी दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली आणि 2025 मध्ये बजाजने पैसा घालून ती सावरली. युरोपात एवढी उलथापालथ होऊनही 390 चा कारखाना चाकणमध्येच होता. गाडी जिथे बनते तिथे तिचे भाग बनवणारे लघुउद्योजकही असतात, आणि संकटात मालकाला आधार त्यांचाच होतो. म्हणून बारामतीला पियाजिओच्या कारखान्यात तयार होणारी एप्रिलिया आरएस 457 आम्ही या वर्गातली मोलाची घटना मानतो. डिसेंबर 2023 मध्ये 4 लाख 10 हजारांना आलेली ही गाडी दोन सिलिंडरची, 47 अश्वशक्तीच्या आसपासची आणि सुमारे 175 किलोची आहे. एप्रिलियाचा शर्यतीचा वारसा आणि बारामतीचा कामगार यांची अशी गाठ पडेल असे राजदूतच्या काळात कोणी म्हटले असते तर हसण्यावारी नेले असते.

जगातही या वर्गाची दिशा बदलली आहे. होंडाने 1987 मध्ये सीबीआर 600 एफ आणली तेव्हापासून दोन दशके चार सिलिंडरचे 600 सीसी हेच मधल्या स्पोर्ट बाइकचे माप होते. ते इंजिन खरे जागे होते दहा हजार आरपीएमच्या वर. विमा महागला, धुराचे नियम कडक झाले, आणि यामाहाने 2020 नंतर युरोपात रस्त्यासाठीची आर 6 थांबवली. तिच्या जागी दोन सिलिंडरची आर 7 आली. सहाशेची जागा आता साडेचारशे ते आठशेच्या ट्विनने घेतली आहे, आणि नागपूरकरासाठी हे चांगलेच झाले. पंचशील चौकातून अजनीकडे जाताना चार ते सहा हजार आरपीएममध्ये ओढणारे इंजिन लागते. शिवाय मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असतो. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की त्याची झळ सरळ मांड्यांवर येते, आणि चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनची झळ अधिक.

धंतोलीचे रस्तेही या निवडीत बोलतात. बंगल्यांची ही जुनी वस्ती आता रुग्णालयांनी भरली आहे. इथल्या पार्किंगचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. रुग्णवाहिका, ऑटो आणि उलट्या दिशेने येणारी मोपेड यांच्यामधून 200 किलोची गाडी पुढे झुकून, मनगटांवर भार घेऊन रोज काढायची असेल तर हँडल उंच आणि मान मोकळी असलेली गाडी घ्यावी. शहराबाहेरचा मोकळा रस्ता म्हणाल, तर शिवमडक्यापासून सुरू होणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहे. चारपदरी रस्त्यावर केंद्राने दुचाकीसाठी ठरवलेली मर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. उरतो तो बुटीबोरीकडचा वर्धा रोड, रामटेक-पेंचचा रस्ता, काटोल, छिंदवाडा. यांच्यावर 95 अश्वशक्तीची डेटोना 660 किंवा सीबीआर 650 आर घेऊन निघालेल्या माणसाला गाडीची अर्धी ताकदही वापरता येत नाही. पहिल्यांदा वर चढणाऱ्याने 40 ते 50 अश्वशक्तीवर थांबावे. दोनशे-अडीचशेची गाडी काही वर्षे नीट चालवलेल्याने फार तर निंजा 650 पर्यंत, म्हणजे 70 च्या आत. कराची रेघ टाळण्यासाठी आरआर 310 घेणाऱ्याचेही काही अडत नाही. त्या गाडीला कोपरे सुंदर जमतात आणि तिचा कारखाना होसूरला आहे.

शासनाबद्दल मात्र तक्रार आहे. 18 वर्षे पूर्ण झालेल्याला गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना मिळतो; त्यावर 100 सीसीही चालते आणि 1000 सीसीही. युरोपात तरुणाला आधी 35 किलोवॅटपर्यंतची गाडी, अनुभवानंतर त्यापुढची. जपानमध्ये 400 सीसीच्या वर वेगळा परवाना लागतो. आपण सीसीचा उपयोग फक्त कर बसवायला केला. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांतली जवळपास 45 टक्के दुचाकीवरची होती. विदर्भातून, मध्य प्रदेशातून असे जखमी धंतोलीतल्या रुग्णालयांत आणले जातात. इथल्या रहिवाशाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. 1 एप्रिल 2018 पासून 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलला एबीएस सक्तीचा झाला, हे या काळातले सर्वांत उपयोगी पाऊल. राजदूतला जे मिळाले नाही ते पस्तीस वर्षांनी कायद्याने मिळाले. पुढचे पाऊल टप्प्याटप्प्याच्या परवान्याचे असावे, आणि 40 टक्क्यांतला काही वाटा नागपूरसारख्या शहरात ब्रेक मारायला आणि वळण घ्यायला शिकवणारे मैदान उभारण्यावर खर्च व्हावा.

तोवर घेणाऱ्याने आपली काळजी आपण घ्यावी. शोरूममध्ये किंमत विचारण्याआधी ब्रेक पॅड, क्लच केबल, चेन-स्प्रॉकेट आणि पुढचा दिवा यांचे दर लेखी मागावेत. हे भाग नागपुरात शिल्लक असतात की पुण्याहून मागवावे लागतात, ते विचारावे. गाडी उघडणारा मिस्त्री याच शहरात आहे का, त्याला भेटावे. चांगले हेल्मेट, हातमोजे आणि बूट यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत कोणती गाडी बसते ते पाहावे. चाचणीसाठी गाडी सकाळच्या थंडाव्यात मागू नये. दुपारी दोनला, मागे कोणाला तरी बसवून, धंतोलीच्या गल्ल्यांतून काढून वर्धा रोडने विमानतळापर्यंत न्यावी आणि परत आणावी. शोरूम एवढे करू देत नसेल, तर दुसऱ्या शोरूममध्ये जावे.