हल्ल्याच्या नोंदीत हेतूचा रकाना हवा

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलाचे संगणक ज्या ‘नॉटपेट्या’ नामक सायबर हल्ल्याने बंद पडले आणि कंटेनरांची कामे हाताने उरकावी लागली, त्याचे बाह्य रूप खंडणीचे होते. पडद्यावर ३०० डॉलरांची मागणी झळकत होती. परंतु रक्कम भरणाऱ्यास त्याचे दफ्तर परत मिळावे अशी तजवीजच त्यात नव्हती, आणि युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून त्याचा फैलाव झाला होता, हे उमगल्यावर खंडणी हा बुरखा असून विध्वंस हाच उद्देश होता याविषयी जाणकारांना संदेह उरला नाही. २०१८ साली ब्रिटन व अमेरिका यांनी रशियन लष्करास जबाबदार धरले. याच हल्ल्यात नुकसान सोसलेल्या मर्क या औषध कंपनीचा सुमारे १४० कोटी डॉलरांचा दावा विमा कंपन्यांनी युद्धाचे कलम दाखवून नाकारला, तेव्हा ते कलम येथे लागू नाही असे न्यू जर्सीच्या न्यायालयांना ठरवावे लागले.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण नेमके उलट. ऑगस्ट २०१८ मध्ये एटीएमकडून आलेल्या मागण्या बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचू न देता, मधेच उभारलेल्या बनावट स्विचने त्यांना परस्पर मंजुरी दिली, २८ देशांत रोकड उचलली गेली, आणि बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ जाळ्यामार्गे हाँगकाँगला गेलेली रक्कम धरून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिल्या. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्येच ही चोरी उत्तर कोरियाच्या कारवायांत गणली होती. फिर्यादीत जो दरोडा, तोच एका राज्यसत्तेचा खजिना भरण्याचा मार्ग!

हेतू असा मागाहून उलगडतो; पण सायबर घटनांची नोंद घेणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने सहा तासांत कळवावयाच्या घटनांचे २० प्रकार सांगितले आहेत; त्यांची विभागणी मुख्यत्वे साधनावरून व लक्ष्यावरून आहे. पहिल्या सहा तासांत, यंत्रणा सावरण्याच्या धांदलीत, पीडित संस्थेला याहून अधिक सांगता येणार नाही हे मला मान्य आहे. म्हणूनच माझा आग्रह असा की, साधन, लक्ष्य, परिणाम आणि हेतू यांचे रकाने एकमेकांपासून अलग ठेवावेत, हेतूचा रकाना प्रारंभी कोरा सोडावा, आणि तपास पुरा होताच तो भरण्याची व पूर्वीची नोंद दुरुस्त करण्याची जबाबदारी पीडित संस्थेवर न टाकता सर्ट-इनने स्वतः घ्यावी.