धक्का कोणासाठी?

न्यूयॉर्क शहरातील लोअर ईस्ट साइड या वस्तीत १९८० नंतरच्या दशकात काही तरुणांनी असे चित्रपट काढले की जे पाहून प्रेक्षकाने तोंड फिरवावे, हीच त्यांची इच्छा होती. त्यांचा पुढारी निक झेड. १९८५ साली त्याने टोपणनावाने एक जाहीरनामा छापला. जो चित्रपट धक्का देत नाही तो पाहण्याच्या लायकीचा नाही, आणि चित्रपट शिकवणाऱ्या साऱ्या शाळा उडवून द्याव्यात, असा त्याचा आशय होता. आम्ही शिक्षकी पेशातले. हे दुसरे कलम आम्हांस रुचणे शक्य नाही!

पैसा या मंडळींपाशी नव्हता. ते सुपर एट कॅमेऱ्यावर चित्रण करीत आणि एखाद्या क्लबात पडदा लावून दाखवीत. हा लहानसा कॅमेरा खरे तर संसारी माणसांसाठी निघालेला. वाढदिवस, सहल, समुद्रकिनारा टिपण्यासाठी. यांच्या हातात त्यातून रक्त, मारहाण आणि नग्नता बाहेर पडली.

यातले पुष्कळसे टाकाऊ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रिचर्ड कर्न यांचा १९८६ चा 'फिंगर्ड' हिंसा आणि लैंगिक अत्याचार यांनी भरलेला आहे; त्यापलीकडे आम्हांस त्यात काही दिसले नाही. धक्क्याचे तिखटासारखे आहे. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येते, दहाव्याला जीभ बधिर होते. शेवटी २०१२ साली बर्लिनमधील एका कलासंस्थेने या चित्रपटांचे रीतसर प्रदर्शनच भरवले.

पण त्या प्रदर्शनाला ज्या चित्रपटाचे नाव दिले होते, तो निराळा आहे. कर्न यांचाच १९८५ चा 'यू किल्ड मी फर्स्ट', म्हणजे 'आधी तुम्ही मला मारलेत'. जेमतेम बारा मिनिटांचा. कडक शिस्तीचे, देवाधर्माचे आईबाप आणि त्यांना मुळीच न जुमानणारी मुलगी. थँक्सगिव्हिंगच्या सणाचे जेवण चालू असते. बोलणे वाढत जाते आणि मुलगी पिस्तूल काढून घरच्यांना गोळ्या घालते. बापाचे काम करणारे डेव्हिड वोइनारोविच हे चित्रकार आणि लेखक. त्यांचे स्वतःचे बालपण मारकुट्या बापाच्या हाताखाली गेले होते. त्या मेजावरचा बाप त्यांना कोणी शिकवावा लागला नसेल.

गोळीबार आम्हांस फारसा हलवून गेला नाही. तो खोटा आहे, हे कळतेच. त्याआधीचे घरातले बोलणे मात्र खोटे वाटत नाही. "लोक काय म्हणतील" हे वाक्य आपल्या बेटावरच्या घरांतही काही कमी ऐकू येत नाही, आणि ते ऐकून गप्प झालेली मुले आम्ही वर्गात रोज पाहतो.

मुलांना हा चित्रपट दाखवू नये, असेच आम्ही म्हणू. आईबापांनी मात्र पाहावा, पोरे झोपल्यावर. पिस्तूल निघाले की बंद केला तरी चालेल.