खालची फळी

पुण्यात आता कुठल्याही पेठेत, कुठल्याही उपनगरात 'कोकण मेवा' अशी एक तरी पाटी दिसतेच. आंबे उतरायला लागले की दुकानाबाहेर पेट्या रचल्या जातात, एरवी आत तीन-चार फळ्यांची मांडणी आणि एक गल्ला. या दुकानांबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते आज लिहून टाकतो. इथे शिरणारी बहुतेक मंडळी चुकीच्या फळीसमोर उभी राहतात!

नजरेच्या उंचीवर असते ती गोड फळी. आंबा बर्फी, काजू मोदक, आवळा कँडी, फणसाचं काहीबाही आणि लालभडक सरबतांच्या बाटल्या. पाहुण्यांना द्यायला बरं म्हणून लोक दोन-चार पाकिटं उचलतात, पैसे देतात आणि 'कोकणातलं आणलं' असं म्हणत घरी जातात. खरं कोकण खालच्या फळीवर असतं. तिथे आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ, तिरफळं, उकडे तांदूळ, कडवे वाल, सांडगी मिरच्या अशा गोष्टी बिनरंगी पिशव्यांतून निमूट बसलेल्या असतात. त्या दिसायला जरा वाकावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की मंडळी, वाका.

आता तुम्ही म्हणाल, याला गावाची आठवण येत असणार. तर तसं नाही. मी घाटावरचा, सातारा जिल्ह्यातला. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेला. कोकणाशी संबंध आला तो लग्नामुळे. सौ.चं माहेर कुडाळच्या बाजूला. पूर्वी दर उन्हाळ्यात एसटीनं एक गाठोडं यायचं, त्यात वर्षाची बेगमी असायची. आता मेहुणे मुंबईला मुलाकडे असतात, गावचं घर वर्षातून एकदा गणपतीला उघडतं आणि गाठोडं बंद झालं. हिचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे हिनं सांगायचं आणि मी आणायचं अशी आमची वाटणी आहे. शाळेत मुलांना मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, पण निवृत्तीनंतर या फळीपुढे मी पुन्हा विद्यार्थी झालो. तर माझी यादी सांगतो.

पहिला मान आमसुलाचा. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकून लाल होतात. फळ फोडून गर आणि बिया वेगळ्या काढतात, साली उन्हात वाळवतात आणि मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून पुन्हा पुन्हा वाळवतात. याला पुट देणं म्हणतात. जितके पुट नीट, तितकं आमसूल काळपट, मऊ आणि किंचित ओलसर. फिकट, कडक, चामड्यासारखं दिसलं तर पुट कमी पडले असं समजावं आणि ती पिशवी परत ठेवावी. चौघांच्या आमटीला चार-पाच आमसुलं पुरतात. बियांचंही तेल निघतं. नाव तेल, पण असतो घट्ट गोळा. थंडीत टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एका फळातलं काही म्हणून वाया जात नाही.

दुसरं आगळ. म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस. सरबताची बाटली आणि आगळाची बाटली शेजारी ठेवून मागचा कागद वाचा. पाकिटावर घटक लिहिताना जो वजनानं सर्वांत जास्त तो आधी लिहायचा, असा नियम आहे. सरबताच्या बाटलीवर बहुधा पहिला शब्द असतो साखर. आगळावर असतं कोकम आणि मीठ. एका नारळाच्या दुधात तीन-चार चमचे आगळ, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, वर कोथिंबीर, झाली सोलकढी. आगळात आधीच मीठ असतं, तेव्हा वरून घालण्याआधी चव बघावी. ज्याला सरबतच हवं त्यानं आगळात आपल्या हातानं साखर घालावी. निदान किती घातली ते तरी कळेल.

तिसरं कुळथाचं पीठ. हे पहिल्यांदा ताटात आलं तेव्हा मला ओळखीचा वास आला, कारण आमचा हुलगा आणि त्यांचा कुळीथ एकच. आमच्याकडे हुलग्याची शेंगोळी, त्यांच्याकडे कुळथाची पिठी. माझ्या लहानपणी आमच्याकडे हुलगा बैलांपुढे जायचा आणि पाहुण्यांपुढे मात्र ठेवायचा संकोच वाटायचा. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरसुद्धा येणारं हे कडधान्य आहे, फार लाड मागत नाही. पिठी करायला दहा मिनिटं लागतात. तेलात लसूण, मोहरी, हिंग, मिरची, त्यावर गार पाण्यात कालवलेलं पीठ, दोन आमसुलं, मीठ, आणि ढवळत राहायचं. गरम भात आणि ही पिठी, वर ओलं खोबरं. पावसाळी रात्री याहून जास्त काय हवं? बाजारी तयार सुपाच्या पुड्या आणणाऱ्यांनी एकदा करून बघावी.

चौथं तिरफळ. हे माझं सर्वांत लाडकं आणि दुकानदाराचं सर्वांत नावडतं, कारण विकलं जात नाही. काटेरी झाडाचं मिरीहून थोडं मोठं फळ. वाळलं की उकलतं, आतली काळी बी टाकून द्यायची आणि टरफल वापरायचं, म्हणजे उलटाच न्याय. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी म्हणतात ती याचीच चुलतबहीण. बांगड्याच्या तिखल्यात सात-आठ तिरफळं जराशी ठेचून घालायची, वाटणात वाटायची नाहीत. मासे न खाणाऱ्यांनी तुरीच्या डाळीच्या आमटीत घालावीत. वास लिंबाच्या पानाच्या जवळपासचा, पण त्याचा स्वतःचाच. जेवताना तिरफळ ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. चावलं तर जीभ काही वेळ बधिर होते, पाहुण्यांना हे आधी सांगावं. शंभर ग्रॅमची पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर पुरते.

याखेरीज पेजेसाठी उकडे तांदूळ. भात तुसासकट उकडून मग कांडल्यामुळे कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, हे शास्त्र नंतर आलं. कोकणातली कष्टकरी माणसं सकाळी पेज पिऊन शेतावर त्याआधीपासूनच जात होती. आणि दहीभातासाठी सांडगी मिरची. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, सौ. म्हणते डॉक्टरांनी तुम्हाला तळलेलं नको म्हटलंय!

गोड फळीवरची एकच वस्तू मी घेतो, ती म्हणजे आंब्याचं साठ. पण तेही रायवळचं मिळालं तर. रस ताटात पसरायचा, वाळला की वर दुसरा थर द्यायचा, असे मे महिन्यातले दिवसच्या दिवस त्यात असतात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुकच आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला तर ते त्याच्याही आधी, २०१६ सालीच मिळालं होतं. हापूसचं सर्वांना ठाऊक, कोकमाचं किती जणांना? वरची फळी आणि खालची फळी हा भेद इथेही आहेच.

'अस्सल कोकणी' या शब्दाचं मला मुळीच वेड नाही, हेही सांगून ठेवतो. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. मिरचीही तिकडचीच. मालवणी मसाल्याला रंग देणारी ब्याडगी कर्नाटकातून येते. देशातल्या कारखान्यांत फोडला जाणारा बराचसा काजू आफ्रिकेतून कच्चा आयात होतो. माणसांनी आणलं, रुजवलं, हाताखालून घातलं की ते तिथलं होतं. मला मोल वाटतं ते या हाताखालून घालण्याचं. बर्फी कुठल्याही कारखान्यात होते. आमसुलाला ऊन लागतं आणि ते कधी आत घ्यायचं, कधी पुन्हा रसात टाकायचं हे जाणणारं माणूस लागतं. बहुतेक वेळा ती एखादी बाई असते, अलीकडे बचत गटातली.

यावर आमचा पुतण्या म्हणाला, "काका, आता सगळं फोनवर मागवता येतं, दहा मिनिटांत दारात. कशाला पिशवी घेऊन हिंडता?" त्याचं खोटं नाही. न्यू जर्सीतली भाची तिथल्या भारतीय दुकानातून आमसुलं आणते, तिला तोच मार्ग. पण फोन आपल्याला तेच दाखवतो जे आधीच पुष्कळ खपतं. तिरफळ हा शब्दच ज्यानं ऐकला नाही तो ते शोधणार कसा? दुकानात निदान वाकल्यावर दिसतं, हातात घेता येतं, गल्ल्यावरच्या माणसाला विचारता येतं. आमच्या दुकानदाराशी सौ. फोनवर मालवणीत बोलते. "तिरफळां आसत काय?" एवढं विचारलं की पुढची पाच मिनिटं पाऊसपाणी, काजूचा मोहोर, कोणाचं लग्न वगैरे. तेवढ्या वेळात तिचे गुडघे दुखत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरा आक्षेप किमतीचा. आमसूल महागलं, एका वर्षाचा भाव दुसऱ्या वर्षी राहत नाही, अशी तक्रार मी दुकानात उभ्या उभ्या नेहमी ऐकतो. जरा विचार करा. हे सगळं वाळवण मे महिन्याच्या उन्हावर उभं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते आलं. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात येऊन थडकला, म्हणजे नेहमीच्या सुमारे दहा-बारा दिवस आधी. अंगणात आमसुलं पसरलेली आणि वर ढग, अशा घरी त्या दिवसांत काय धावपळ झाली असेल? बर्फीवाल्याला याची झळ लागत नाही, त्याचा रस डब्यात बंद असतो. खालच्या फळीवरची वस्तू महागली तर तिच्यामागे एखादं वाया गेलेलं ऊन असू शकतं. त्यापोटी चार पैसे जास्त द्यायला माझी ना नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. गेल्या दोन वर्षांत आमच्या दुकानातली ही फळी आखूड होत चालली आहे. आधी कडवे वाल गेले. मग उकडे तांदूळ 'सांगितलं तर आणून देतो' या यादीत गेले. परवा तिरफळाची बरणी रिकामी दिसली आणि तिच्या जागी चॉकलेटचा मुलामा दिलेले काजू आले. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "सर, तुम्ही आणि आणखी चार-पाच जण सोडले तर विचारतं कोण? जागेचं भाडं निघायला हवं ना." त्याच्यावर रागवायचं कसं? तो दुकान चालवतो, संग्रहालय नाही.

पण त्या रिकाम्या बरणीची गोष्ट तिथेच संपत नाही. दुकानदारानं मागितलं नाही की घाऊक व्यापारी उचलत नाही. त्यानं उचललं नाही की गावात काट्यांतून हात घालून फळं काढायला कोणी जात नाही. मग ते काटेरी झाड परसात राखायचं कारण उरत नाही. मी वर्गात मुलांना सांगायचो की वापरला नाही तर शब्द मरतो. पदार्थाचंही तसंच आहे. फक्त त्याच्याबरोबर कोणा बाईची हंगामातली कमाईही जाते आणि पुट किती द्यायचे हे तिचं ज्ञानही. ते कुठल्या पुस्तकात नीट उतरवलेलं नाही. तिच्या सुनेनं बघून शिकावं तर विकत घेणारं कोणी हवं.

म्हणून म्हणतो, फार मोठं काही करायचं नाही. कोकणातल्या वस्तू विकणाऱ्या दुकानात जाल तेव्हा एक बर्फी कमी घ्या आणि खालच्या फळीवरची एक वस्तू घ्या. पहिल्यांदाच घेत असाल तर आगळ किंवा कुळथाचं पीठ घ्या, ती पहिल्याच खेपेला जमतात. तिरफळ दुसऱ्या खेपेला. आणि तुमच्याकडे कोकणाऐवजी वऱ्हाडाचं किंवा खानदेशाचं दुकान जवळ असेल तर तिथेही अशीच एखादी फळी असणार, ती शोधा. तुम्हाला काय सापडलं ते जरूर लिहा. सौ.ला वाचून दाखवीन.

आणि काही घ्यायचं नसलं तरी गल्ल्यावर एकदा विचारायला विसरू नका, "तिरफळं आहेत का हो?" नाहीत म्हणाला तर लगेच बाहेर पडू नका. "मग कधी येणार?" असंही विचारा.