दिवे नाचवायचे, तर बॅटरीवरच

गणपतीची आरास सुरू झाली की गाण्यावर लुकलुकणारी माळ घरात येतेच. तयार आणि रिमोटवाली. ती खुशाल लावा. पण घरात सातवी-आठवीतलं मूल असेल, तर यंदा त्याच्याकडून तीन एलईडींचं साधं सर्किट बनवून घ्या. अट एकच : ९ व्होल्टची बॅटरी.

तयार माळेचा डबा उघडला तर आत एक चिप दिसते, कळत काहीच नाही. घरच्या सर्किटमध्ये प्रत्येक भागाचं काम बोट ठेवून दाखवता येतं. कंडेन्सर माइक आवाज टिपतो, पण त्याचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर तो वाढवतो. दुसरा बीसी ५४७ बटणासारखा वागतो. त्याच्या बेसवर ०.६ ते ०.७ व्होल्ट येईपर्यंत तो ढिम्म. तेवढे आले की दिवे पेटतात. सगळी गंमत या उंबरठ्यात आहे. सर्किटला गाणं कळत नाही, आवाजाचा चढउतार तेवढा कळतो. म्हणून ढोलाच्या ठोक्यावर दिवे उसळतात, तानपुऱ्याच्या संथ सुरावर तसे नाचत नाहीत. कुकरच्या शिट्टीला मात्र हमखास दाद देतात!

गणितही इथेच भेटतं. तांबड्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात; तीन एकापाठोपाठ जोडले की ६. उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर पडले की प्रवाह साधारण १३ मिलिअँपिअर. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, तिथे दोनच लावा. वहीतला ओहमचा नियम इतका चटकन दुसरीकडे कुठे पटतो?

काही हौशी मंडळी हेच सर्किट ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट २३० व्होल्टच्या माळेला जोडतात. त्याला माझा साफ विरोध आहे. तशा जोडणीत माइकची उघडी तारही जिवंत असू शकते आणि शेजारी मूल असतं. बीसी ५४७ची मर्यादाही १०० मिलिअँपिअरची, त्याच्याकडून अख्खी आरास उजळत नाही. मीटर-दोन मीटरची पट्टी नाचवायचीच असेल, तर १२ व्होल्टची एलईडी पट्टी, चांगला अडॅप्टर आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या जागी टीआयपी ३१ घ्या. तो तापतो, तेव्हा त्याला हीटसिंक लावा आणि मखराच्या थर्माकोल-कागदापासून दूर ठेवा.