१८७१ साल कोरलेली शेगडी १८७१ ची असतेच असे नाही

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात बिडाची एखादी शेगडी विकायला आली की विक्रेता सर्वांत आधी तिच्या दारावरच्या उठावदार अक्षरांकडे बोट दाखवतो: 'पेटंट १८७१'. ग्राहक मनातल्या मनात दीडशे वर्षांचे गणित करतो आणि किंमत चढते. ते साल खरे असते. त्याचा लावलेला अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा असतो. या एका चुकीपासून मूल्यांकनाच्या आणि दुरुस्तीच्या चुकांची साखळी सुरू होते. हा थ्रेड त्या साखळीविषयी.

आधी वस्तू कोणती ते स्पष्ट व्हावे. मराठी घरात 'स्टोव्ह' म्हटले की रॉकेलचा पितळी स्टोव्ह आठवतो. येथे अभिप्रेत आहे ती लाकूड जाळून सारी खोली उबदार ठेवणारी, नळीने धुराड्याला जोडलेली बंद शेगडी. धातू मात्र ओळखीचा, आपल्या बिडाच्या तव्याचाच. उष्णता धरून ठेवणारा, पण ठिसूळ; हातातून निसटला तर वाकत नाही, तडकतो.

आता त्या सालाकडे. १८४२ च्या अमेरिकी पेटंट कायद्याने पेटंट घेतलेल्या वस्तूवर पेटंटची तारीख उमटवणे बंधनकारक केले. पेटंट नसताना तसा शिक्का मारणाऱ्यास किमान १०० डॉलर दंडाची तरतूदही त्यातच होती. १९२७ मध्ये नियम बदलला आणि तारखेच्या जागी पेटंटचा क्रमांक आला. म्हणजे शेगडीवरची तारीख कायदेशीर हक्काची आहे, जन्माची नव्हे. लाकडी नमुना एकदा कोरला की त्यावरून वाळूचे साचे वर्षानुवर्षे पाडता येत. १८८५ साली ओतलेल्या शेगडीवरही १८७१ हेच साल दिसू शकते. उत्खननातल्या थरात सातवाहनांचे नाणे सापडले, तर थर त्या नाण्याहून जुना नाही एवढेच सिद्ध होते. तो थर सातवाहनकाळातलाच आहे हे सिद्ध होत नाही. शेगडीचेही तसेच. तिच्यावर अनेक तारखा असतील तर सर्वांत अलीकडची तेवढी उपयोगाची, आणि तीही केवळ पूर्वमर्यादा म्हणून. १८, २० असे सुटे आकडे तर बहुधा आकारमानाचे असतात. त्यांना सालाचा तुकडा समजणारे हौशी संग्राहक कमी नाहीत.

नावेही फसवतात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या 'पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस'ची माहितीपुस्तिका १७४४ साली प्रसिद्ध केली. गव्हर्नरांनी देऊ केलेले पेटंट त्यांनी नाकारले. लोकांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपला शोधही लोकांना मोकळा असावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे मात्र समोरून उघड्या असणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बिडाच्या शेगडीला 'फ्रँकलिन' म्हटले जाऊ लागले. मूळ आराखड्याचे नमुने आज अत्यंत दुर्मीळ आहेत, 'फ्रँकलिन' नावाने विकल्या जाणाऱ्या शेगड्या मात्र उदंड. मिशिगनमधील डोवाजॅक गावची 'राउंड ओक' लोकप्रिय झाल्यावर इतर कारखान्यांच्या नावांतही असेच 'ओक' उगवले.

मग ओळख कशी पटवायची? वस्तूच्या अंगावरून. वितळलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून मूळ साचा तेवढा मोठा करावा लागतो. कोणी जुन्या शेगडीचे दारच नमुना म्हणून वापरून नवे दार ओतले, तर ते पुन्हा एक टक्का लहान होते. एक फुटाच्या दारात सुमारे तीन मिलिमीटरांचा फरक. सांधा ढिला दिसतो, नक्षीच्या कडा बोथट होतात. पट्टी घेऊन मोजणाऱ्याला जे सापडते, ते केवळ अक्षरे वाचणाऱ्याला सापडत नाही.

अशा वाचनाचा वस्तुपाठ हेन्री मर्सर यांनी घालून दिला. पेनसिल्व्हेनियातील डॉइल्सटाउनचे हे पुरातत्त्वज्ञ १८९७ च्या सुमारास भंगारवाल्याच्या आवारात गेले आणि यंत्रयुगापूर्वीच्या टाकून दिलेल्या अवजारांचा ढीग पाहून संग्राहक झाले. त्याच काळात त्यांचे लक्ष जर्मन वसाहतकऱ्यांच्या अठराव्या शतकातील शेगड्यांच्या सुट्या पाट्यांकडे गेले. या पाच पाट्यांच्या शेगडीला ना दार होते ना धुराची नळी. भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीतल्या चुलाणाचे निखारे तिच्यात सारत. पाट्यांवर काइन आणि आबेल, काना येथील लग्न असे बायबलमधले प्रसंग आणि जर्मन मजकूर ओतलेला असे. शेगड्या कालबाह्य झाल्यावर त्या पाट्या चुलाणामागे टेकवल्या गेल्या, फरसबंदीत गेल्या. मर्सर यांनी त्या गोळा केल्या, वाचल्या आणि १९१४ साली 'द बायबल इन आयर्न' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी त्या घासूनपुसून चकचकीत करण्याआधी वाचल्या, हा क्रम महत्त्वाचा.

आजचा बाजार नेमका उलट क्रमाने चालतो. निकेलचा मुलामा, अभ्रकाच्या खिडक्या, माथ्यावरचा कळस असलेल्या बैठकीच्या शेगडीला भाव मिळतो. शाळेत किंवा शेतघरात जळलेली साधी पेटीवजा शेगडी भंगारात जाते. यात केवळ बाजाराचा दोष नाही. ऑरेगन राज्यात घर विकताना प्रमाणपत्र नसलेली लाकडाची शेगडी काढून नष्ट करावी लागते. पुरातन शेगडीला सूट आहे, पण पुरातन म्हणजे कोणती? १९४० पूर्वी घडवलेली, अलंकृत बांधणीची, आणि त्या काळच्या सामान्य शेगडीपेक्षा बरीच अधिक बाजारमूल्य असलेली. वयाची अट समजण्याजोगी आहे. नक्षीची आणि किमतीची अट मात्र श्रीमंतांच्या दिवाणखान्याला इतिहास मानते आणि गरिबाच्या उबेला कचरा.

धुराचा प्रश्न खरा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या शेगड्या शेजाऱ्यांच्या फुप्फुसांना घातक असा सूक्ष्म धूर ओकतात आणि त्या पेटवण्यावर बंधने असणे रास्तच आहे. परंतु पेटवू न देणे आणि वितळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तोफ डागण्यास मनाई आहे म्हणून गडावरची तोफ कोणी भंगारात देत नाही.

दुरुस्तीत तर हौसच अधिक हानी करते. वाळूचा जोरदार मारा करून गंज काढला की शेगडी एका दुपारीत राखाडी, एकसारखी आणि मुकी होते. ओताऱ्याच्या वाळूचा पोत, पाटीच्या आतल्या बाजूचे भाग-क्रमांक, जुन्या डागडुजीच्या खुणा यांतले बरेच काही गंजाबरोबर निघून जाते. तारेचा मऊ ब्रश, धीर आणि शेवटी ग्रॅफाइटचे काळे पॉलिश एवढ्यावर पुष्कळदा भागते. तड्याला साधे वेल्डिंग केले तर जोडाशेजारी नवा तडा जाण्याची भीती असते. पाटी आधी सावकाश तापवून निकेलच्या कांडीने जोडणे किंवा पितळेने झाळणे हे जाणकाराचे काम. जुन्या सांध्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ते नखाने खरवडू नये. आणि ब्रश हातात घेण्यापूर्वी प्रत्येक पाटीची आतून-बाहेरून छायाचित्रे, मापे आणि अक्षरांचे ठसे घेऊन ठेवावेत. साध्या, बिननक्षीच्या शेगडीचे तर आधी, कारण तिची नोंद दुसऱ्या कोणी घेतलेली असण्याचा संभव फार थोडा.